शाळेच्या कुंपणाबाहेरचे शंभर यार्ड

प्रिय बेटा,

सातवीच्या पोट्ट्याच्या दप्तरात बिडी सापडली, म्हणून तू फार अस्वस्थ झालास. त्याला मारू नकोस आणि वर्गात त्याचं नावही घेऊ नकोस. आधी मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभा राहा. त्याला रोज काय दिसतं ते बघ.

समोर पानठेला असेलच. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांना लागून बिडीचे कट्टे, बाजूला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं चाललेलं. 2003 च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरपर्यंत, तंबाखूची विक्री चालत नाही. 18 वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही, बापासाठी न्यायला आला तरी. सुटी बिडी-सिगारेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे. मला ती फार मोलाची वाटते. पोराजवळ अख्ख्या कट्ट्याचे पैसे नसतात, एका बिडीपुरते असतात. शिवाय सुट्या बिडीवर धोक्याचं चित्रही नसतं.

ठेलेवाल्याशी मुख्याध्यापक आणि सरपंचांना घेऊन बोल. त्याचंही पोट त्यावर आहे, म्हणून ठेला हलवायला जागा सुचव. तरी ऐकलं नाही तर लेखी तक्रार कर.

मला जास्त काळजी आपल्याच लोकांची आहे. 'जा रे, एक खर्रा आण' असं शाळेतलाच मोठा माणूस सांगतो, तेव्हा पोराला ठेल्याची वाट आपणच दाखवतो. व्हरांड्यात बिडी ओढणारा शिक्षक असेल, तर तुझा तंबाखूवरचा तास वाया गेला समज. तू नवा आहेस, वरिष्ठांना सांगणं जड जाईल. तरी एकट्यात, हात जोडून सांग.

आणि सातवीची वाट पाहू नकोस. 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले. बिडी ओढलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सुरुवात दहा वर्षांचे होण्याआधीच केली होती. म्हणजे बोलायचं ते तिसरी-चौथीत.

एक मात्र जप. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मे महिन्यात घरंच्या घरं बिडी वळायला लागणारा तेंदूपत्ता तोडायला रानात जातात. पोरांच्या वह्या-पुस्तकांना तो पैसा लागतो. बिडीबद्दल बोलताना त्यांच्या आईबापाच्या कष्टाला कमी लेखू नकोस.

ठेलेवाला काय म्हणाला ते कळव.

तुझे,
गुरुजी