तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हिंसक सुपरहिरोपट दाखवावा का, हे कसं ठरवायचं?

नुसतं प्रमाणपत्र बघून ठरवू नका, त्याखालची कारणाची ओळ वाचा. अमेरिकेत पीजी-१३ म्हणजे १३ वर्षांखालच्यांबाबत पालकांना सावधगिरीची सूचना. आर म्हणजे १७ वर्षांखालच्यांना सोबत पालक किंवा मोठं माणूस हवंच. पण पीजी-१३ मध्ये अख्खं शहर कोसळतं आणि बऱ्याचदा रक्ताचा थेंब दिसत नाही! माझ्या मते वयात येणाऱ्या मुलांसाठी ही बिनवेदनेची हिंसा जास्त फसवी.

मग आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरचं 'पॅरेंट्स गाइड' उघडा. हिंसा, नग्नता, शिव्या, दारू-ड्रग्ज आणि भीतिदायक दृश्यं यांची वेगवेगळी नोंद तिथे असते. कथा फुटू नये म्हणून स्पॉयलर, म्हणजे कथेतली गुपितं सांगणाऱ्या नोंदी, वेगळ्या दिलेल्या असतात. त्याही वाचा, छळाचे प्रसंग तिथेही असू शकतात. ट्रेलरवर मात्र विसंबू नका, तो सगळ्यांना दाखवता यावा म्हणून बरंच गाळलेलं असतं.

शंका उरली तर एक मारामारी स्वतः बघा. मनगट मोडताना कॅमेरा हाडावर थांबतो की चेहऱ्याकडे वळतो? आवाजही ऐका, कडकन् मोडल्याचा आवाजही डोक्यात राहू शकतो. नायक छळ करतो आणि त्यावर विनोद होतो का, हेही बघा. राक्षस किंवा यंत्रमानव मेले तर मुलांना फारसं काही वाटत नाही. आई-वडिलांचा खून किंवा आत्महत्या मात्र जिव्हारी लागते.

शेवटी वयापेक्षा मूल बघा. आधीच्या चित्रपटानंतर झोप उडाली असेल, तर वर्षभर थांबा.