थंडीतली सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात सकाळी ७ ची पाळी असते. घर पंचवटीत, अंतर साधारण ९ किमी. बनियन, शर्ट, स्वेटर, वर जाकीट असं सगळं घालूनही कामावर पोहोचल्यावर हुडहुडी भरते. अजून काय घालू? (नाशिक)

उत्तर : घालू नका, काढा. तुम्हाला गारठवतोय तो घाम. सायकल चालवताना अंग तापतं, सुती बनियन घाम पिऊन ओलं होतं आणि थांबलात की ते ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगालगत सुती नको. खेळाडू वापरतात तसा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, अस्तर नसलेलं जाकीट. घराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटलं, तर एक कपडा जास्त झाला असं समजा. वाटेत अंग तापलं की जाकिटाची चेन वीतभर उघडा. पोहोचताच ओला टी-शर्ट काढून कोरडा बनियन घाला. तो पिशवीत असू द्या, कारखान्यात ठेवायची सोय नसली तरी चालेल.

वारा मात्र अडवायलाच हवा. १० अंश तापमानात ताशी २० किमी वेगाने जाताना अंगाला ते ७ अंशांसारखं लागतं, आणि तेही आधी बोटांना आणि कानांना. हातमोजे असे घ्या की दोन बोटांनी ब्रेक सहज ओढता येईल. हेल्मेटखाली जाड माकडटोपी घालू नका. हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा नीट बसत नाही. कानांवर पातळ पट्टी पुरते. मफलरची टोकं जाकिटाच्या आत खोचा, लोंबती राहिली तर चाकात जाण्याचा धोका आहे. गुडघे झाका, आणि पहिले दोन किमी हलक्या गिअरवर भरभर पेडल मारा. थंड गुडघ्यांवर जोर दिला की ते दुखतात.

प्रश्न : पहाटे पेडल कधीकधी रिकामंच फिरतं, चाक ओढत नाही. चेन जागेवर असते. दुपारी तीच सायकल ठीक चालते. (नागपूर)

उत्तर : दोष फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या ज्या दातेरी चक्रावर चेन बसते त्यात आहे. त्यात दोन छोटे खटके असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते आणि ते दात्यांत अडकले की चाक फिरतं. आत जुनं ग्रीस असेल, तर ते थंडीत घट्ट होतं आणि कुत्रे चिकटून बसतात. ऊन पडलं की सुटतात.

मागचं चाक काढा आणि फ्रीव्हील वर येईल असं आडवं ठेवा. फिरणारी कडी आणि स्थिर भाग यांच्यामधल्या फटीत दोन चमचे डिझेल सोडा, कडी उलटी फिरवा, मग चाक उभं करून डिझेल निथळू द्या. स्वच्छ डिझेल बाहेर येईपर्यंत हे दोन-तीनदा करा. तासभर सुकवून शिवणयंत्राच्या तेलाचे आठ-दहा थेंब घाला. ग्रीस पुन्हा भरू नका. डिझेल टायरला किंवा रिमला लागलं तर साबणाने धुवा, नाहीतर ब्रेक घसरेल. फिरवताना स्पष्ट टकटक ऐकू आली की काम झालं. तरीही निसटत असेल तर फ्रीव्हील बदला, आणि तोवर पेडलवर उभं राहू नका. जोर लावताना निसटलं की माणूस थेट हँडलवर आदळतो.

खोबरेल तेल चेनला किंवा फ्रीव्हीलला कधीच लावू नका. ते २४ अंशांच्या खाली गोठतं.

प्रश्न : थंडीत हवा जास्त भरावी का? (सोलापूर)

उत्तर : जास्त नको, नेहमीइतकीच ठेवा, पण दर आठवड्याला तपासा. दुपारी ३० अंशांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली, तर पहाटे १० अंशांत ती सुमारे ४६ भरते. म्हणून पहाटे, सायकल गार असतानाच मोजा.

प्रश्न : म्युनिकला नोकरीसाठी आलोय. बर्फात सायकल चालवता येईल का? (जर्मनी)

उत्तर : येईल. ताज्या मऊ बर्फावर रुंद टायरमधली हवा थोडी कमी केली तरी भागतं. खरा धोका गोठलेल्या, चकाकणाऱ्या थराचा. त्यासाठी खिळ्यांचे टायर लागतात, आणि एकच घेणं परवडत असेल तर तो पुढे लावा, कारण पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही. नवे खिळे टायरमध्ये नीट बसावेत म्हणून पहिले ३०-४० किमी डांबरावर सावकाश, जोरात ब्रेक न लावता चालवा. रस्त्यावरचं मीठ चेन गंजवतं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवा, पुसून पूर्ण कोरडी करा, मग तेल घाला. कुलूप गोठलं तर त्यावर गरम पाणी ओतू नका, तेच पाणी आत जाऊन पुन्हा गोठतं.