कुत्रा लंगडतोय, डॉक्टर उद्याच भेटतील. तोपर्यंत कॉम्बिफ्लॅम दिली तर चालेल का?

नका देऊ. अर्धीसुद्धा नको.

नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, कालपासून मागचा पाय टेकत नाही, उठताना कण्हतो आणि आज रविवार. तुमची तगमग मला कळते, कारण हीच चूक आमच्या घरात झाली आहे. आमची कुत्री राणी तेव्हा अकरा वर्षांची होती. थंडीत तिचे पाय धरायचे. बाबांच्या गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी आम्ही दोन दिवस तिला पोळीच्या घासातून दिली. पहिल्या दिवशी ती जिना चढली, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिची शी पाहिली. डांबरासारखी काळी, चिकट. पोटात झालेला रक्तस्राव होता तो. चार दिवस सलाईन लावल्यावर वाचली.

कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. आयबुप्रोफेन दुखणं दाबतं, पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळणारी रसायनंही त्याच्यासोबत बंद पाडतं. आपल्याला ते बहुधा सोसतं, कुत्र्याला नाही. त्याच जातीतलं नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक तर कुत्र्याच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ रेंगाळतं. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर जातं. (घरात मांजर असेल तर तिला एकच गोळीही जिवावर बेतू शकते.)

आणखी एक गोष्ट, जी मला राणीच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. आपल्याकडे लंगडण्यामागे पुष्कळदा गोचीडताप असतो. त्यात सांधे दुखतात आणि प्लेटलेट्सही घसरतात. अशा वेळी वेदनाशामक गोळी म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणून आज कानांच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते नीट बघा. पंजाच्या गाद्यांमध्ये काटा किंवा काच रुतलीय का, नख तुटलंय का, तेही तपासा. दुखऱ्या जागी हात लावाल तेव्हा जपून, गरीब कुत्राही अशा वेळी चावतो.

आजचा दिवस जिना, सोफा, उड्या बंद. शी-शूला पट्टा लावूनच न्या. फरशीवर पाय घसरतात, तिथे सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा. एवढ्यानेही त्याला उठणं सोपं जाईल. ताजी सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा. जुना आखडलेपणा असेल तर कोमट शेक, आधी स्वतःच्या मनगटावर बघून. बाम किंवा जेल लावू नका, तो चाटणारच.

पाय लोंबत असेल, मागचा भाग ओढत चालत असेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा लघवी होत नसेल तर उद्याची वाट बघू नका. मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला आत्ताच फोन करून विचारा.

उद्या डॉक्टर वजन करून कुत्र्यांसाठी वापरलं जाणारं मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन हे वेदनाशामक देतील, कदाचित आधी रक्त तपासतील. तुम्ही घाबरून एखादी गोळी आधीच दिली असेल तर आत्ताच त्यांना फोन करा, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. किती वाजता, किती दिली ते सांगा आणि जाताना पाकीट सोबत न्या. एका वेदनाशामकावर दुसरं किंवा स्टिरॉइड पडलं तर जठराला भोक पडू शकतं, म्हणून हे त्यांना कळायलाच हवं.