ब्रँडेड डेस्कटॉप फार तापतो, पार्ट काढून नव्या कॅबिनेटमध्ये बसवता येतील का? कोणतं कॅबिनेट घेऊ?

बसवता येतील, पण कॅबिनेटचं नाव आत्ताच विचारू नका. आधी बाजूचा पत्रा उघडून मदरबोर्ड बघा. "कॅबिनेट म्हणजे नुसता डबा, काढायचं आणि घालायचं" म्हणणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. सुटे पार्ट घेऊन जोडलेल्या मशीनला ते लागू पडतं. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस मॉडेलमध्ये बरेचदा कॅबिनेट हा मशीनचाच एक अवयव असतो.

बोर्ड २४४ × २४४ मिमीचा आणि भोकं नेहमीच्या जागी असतील तर तो मायक्रो-एटीएक्स या ठरलेल्या मापाचा, त्या किंवा त्याहून मोठ्या एटीएक्स मापाच्या कॅबिनेटमध्ये बसेल. खरी गोम एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, कनेक्टरमध्ये. २४ पिनांचा असेल तर निम्मी चिंता मिटली. ६, ८, १० किंवा १४ पिनांचा असेल तर असे बोर्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात, ५ आणि ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतात आणि हार्ड डिस्कची पॉवरही बोर्डावरूनच देतात. जुना एसएमपीएस लांबट किंवा आखूड असला की एटीएक्सच्या १५० × ८६ मिमीच्या खिडकीत बसत नाही, म्हणून नवा घ्यावा लागतो आणि मध्ये दोघांचे कनेक्टर जुळवणारा अडॅप्टर येतो. एटीएक्सची स्टँडबाय लाइन, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारी वीज, ५ व्होल्टची असते. यातल्या काही बोर्डांना तिथे ११-१२ व्होल्ट लागतात. चांगल्या अडॅप्टरमध्ये त्यासाठी व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. ते नसेल तर बटण कितीही दाबा, मशीन ढिम्म. तेव्हा आपल्या मॉडेलचा नंबर लिहिलेलाच अडॅप्टर घ्या. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, एसएमपीएस घेतलात तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्यात खुपसू नका. त्या टोकाची पिनरचना ठरलेली नसते आणि डिस्क जळू शकते.

पुढचं पॉवर बटण हे दुसरं दुखणं. बोर्डावर त्याची वायर जिथे लागते त्या नेहमीच्या ९ पिनी हेडरवर ६ आणि ८ म्हणजे पॉवर स्विच, २ आणि ४ पॉवरचा दिवा, १ आणि ३ डिस्कचा दिवा. कंपनीच्या बोर्डावर हे गृहीत धरू नका. बोर्डापासून सुटी केलेली जुनी बटणाची वायर मल्टिमीटरच्या बझरवर धरा आणि बटण दाबा. ज्या दोन पिनांवर बीप येतो त्याच स्विचच्या. स्विचला प्लस-मायनस नसतं, दिव्याला असतं. जुन्या कॅबिनेटचा फॅन, तापमानाचा सेन्सर किंवा पुढची यूएसबी जोडलेली नसेल तर काही बोर्ड दर वेळी एरर दाखवून एफ१ दाबायला लावतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) तो इशारा बंद करता आला तर उत्तम, नाहीतर तो फॅन-सेन्सर सोबत न्या.

कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन खालच्या पत्र्यातच घुसत असतील तर नव्या कॅबिनेटमध्ये त्यांना पकड मिळणार नाही. तिथे बॅकप्लेटवाला, म्हणजे बोर्डामागे स्वतःची पट्टी असलेला, कूलरच हवा. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर आधी दहा मिनिटं मशीन चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. कूलर एकदा उचलला की पेस्ट नवीनच.

बसवण्याआधी बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावरच चालू करून बघा. स्क्रीनवर काही आलं की मगच आत घाला. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा खुंट) काढून टाका, नाहीतर तो मागून टेकून शॉर्ट करेल. मागची पोर्टची पट्टी जुन्या पत्र्याचाच भाग असेल तर ती मिळणार नाही. चालतं, फक्त धूळ जाते. वाय-फायच्या अँटेना कॅबिनेटला चिकटवलेल्या असतात, त्या विसरू नका.

विंडोजचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशन जात नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

तापण्याचं म्हणाल तर पत्रा उघडा ठेवून अर्धा तास लोड द्या. तापमान जेमतेम उतरलं तर दोष कॅबिनेटचा नाही, कूलरचा किंवा वाळलेल्या पेस्टचा.

आता इथे कुणीतरी लिहीलच की "एवढ्या उठाठेवीपेक्षा नवा मदरबोर्ड घ्या." कनेक्टर, बटण, कूलर तिन्ही आडवे आले तर ते बरोबर आहे, मान्य. पण लेनोवोच्या काही मशीनमधले एएमडीचे रायझन प्रो प्रोसेसर लेनोवोच्याच बोर्डांना कायमचे लॉक केलेले असतात आणि दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. हा सल्ला देणारे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.