मातीतल्या बॅक्टेरियाने झोन दिला, आता पुढे काय करू?

पत्र, थोडक्यात: सर, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टीवाय बीएस्सी मायक्रोला आहे. प्रोजेक्टसाठी आमच्या शेतातली आणि गोठ्यामागची माती घेऊन बॅक्टेरिया काढले. एका पांढऱ्या कॉलनीने स्टॅफ ऑरियस ह्या बॅक्टेरियावर १८ मिमीचा झोन (म्हणजे तो वाढत नाही असा मोकळा गोल) दिला, ई. कोलाय ह्या बॅक्टेरियावर काहीच नाही. मला नवीन अँटिबायोटिक शोधायचंय, ह्यातच करिअर करायचंय. पेटंट होईल का? लोणारची माती आणून बघू का? पप्पा म्हणतात बीएड कर, मायक्रोवाल्या पोरी एमएस्सी करून घरीच बसल्यात. आत्तापर्यंत ६३ टक्के आहेत.

उत्तर:

आधी शाबास, कारण टीवायच्या प्रोजेक्टमधे बऱ्याच जणांच्या प्लेटवर नुसती बुरशी येते आणि रिपोर्ट गेल्या वर्षीच्या सिनियरचा असतो. तू लिहिलंयस की कॉलनी कोरडी, खडूसारखी आणि अगारला, म्हणजे प्लेटमधल्या जेलीला, चिकटून बसलेली आहे, म्हणजे बहुतेक मातीत राहणारा स्ट्रेप्टोमायसिस नावाचा बॅक्टेरिया किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी. झाकण उघडल्यावर पहिल्या पावसाचा वास आला होता का? तो जिओस्मिनचा वास, आणि हीच मंडळी तो बनवतात.

आता पाय जमिनीवर. झोन आला ह्याचा अर्थ एवढाच की तुझा बॅक्टेरिया काहीतरी सोडतोय आणि त्याने स्टॅफ थांबतोय. ते काय आहे हे झोन सांगत नाही. १९४३ मधे शात्झ आणि वाक्समन ह्या शास्त्रज्ञांनी मातीतूनच स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक काढलं, त्यानंतर वीसेक वर्षं जगभरातल्या कंपन्यांनी हेच केलं, पोतीच्या पोती माती चाळली, आणि सोपं सोपं होतं ते सगळं तेव्हाच सापडून गेलं. अंदाज असा आहे की मातीतले ह्याच भाऊबंदांतले दहा अ‍ॅक्टिनोमायसीट्स घेतले तर एक स्ट्रेप्टोथ्रिसिन हे जुनंच अँटिबायोटिक बनवणारा निघतो आणि शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिनवाला, म्हणजे तुझ्या प्लेटवर जुनंच काहीतरी असायची शक्यता खूप जास्त. स्ट्रेप्टोथ्रिसिन तर किडनीला त्रास देतं म्हणून औषध झालंच नाही. त्यात स्टॅफ हा ग्राम पॉझिटिव्ह, त्याला मारणं तुलनेने सोपं. खरी गोची ग्राम निगेटिव्हची आहे, तुझा ई. कोलाय त्यातलाच, त्यांना बाहेरून अजून एक पडदा असतो आणि बरेच रेणू तिथेच अडतात. २०१५ मधे गाजलेलं टेक्सोबॅक्टिन हे अँटिबायोटिकसुद्धा ग्राम निगेटिव्हवर चालत नाही, आणि ते अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मातीतल्या अशा बॅक्टेरियातून आलं जो साध्या प्लेटवर वाढतच नव्हता, त्याला मातीतच ठेवून वाढवायला आयचिप नावाची वेगळी डबी बनवावी लागली. मातीतल्या बहुतेक बॅक्टेरियांचं हेच आहे, आपल्या अगारवर ते येतच नाहीत.

म्हणून पेटंटचं आत्ता डोक्यातून काढ. निसर्गात आहे तो बॅक्टेरिया जसाच्या तसा आपल्याकडे पेटंट होत नाही, आणि रेणू कोणता हे माहीत नसताना अर्ज कशाचा करणार?

लोणारबद्दल. मोह मलाही समजतो, तुझ्या जिल्ह्यातच आहे, पाणी खारं आणि अल्कली, जून २०२० मधे सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने बघून मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे असं सांगितलं. पण ते अभयारण्य आहे बाई, वनखात्याच्या परवानगीशिवाय चमचाभर मातीही उचलायची नाही, कॉलेजतर्फे रीतसर पत्र द्यायचं. शिवाय तिथल्या बॅक्टेरियावर आधीच बरंच काम झालंय, आणि लांबची माती म्हणजे नवीन औषध असा काही नियम नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधे १९६० च्या सुमारास तिरुमलाचार आणि त्यांच्या टीमने हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध काढलं, ते ज्या बॅक्टेरियापासून मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी! कुठल्या बेटावर वगैरे जावं लागलं नाही.

आता करिअर, आणि हा भाग नीट वाच. माती आणून, डायल्यूट करून, स्टार्च केसीन अगारवर पसरून कॉलनी काढणारी मुलं आपल्याकडे ढिगाने आहेत. त्या कॉलनीने काय बनवलंय ते शोधणारी फार कमी. आपल्या कॉलेजांमधले असले बहुतेक प्रोजेक्ट झोनचा फोटो काढून संपतात कारण पुढे केमिस्ट्री लागते, ब्रॉथमधे, म्हणजे पातळ खाद्यात, कल्चर वाढवा, इथाइल अ‍ॅसिटेटने एक्स्ट्रॅक्ट करा, टीएलसी, मग एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करायला), मग मास स्पेक आणि एनएमआर (रेणू ओळखायला), आणि सगळ्यात आधी हे बघा की हा जुनाच रेणू तर नाही, ज्याला डीरेप्लिकेशन म्हणतात. दुसरी वाट जीनोमची, म्हणजे बॅक्टेरियाचा सगळा डीएनए वाचायची. २००२ मधे स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम वाचला तेव्हा त्यात असे रेणू बनवणारे वीसहून जास्त जीनसमूह निघाले, त्यातले बरेच लॅबमधे गप्पच असतात, आणि हे शोधायचं अँटीस्मॅश सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्राउझरमधे चालतं. लॅपटॉप नसला तर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बस. तर माझं सांगणं एकच, मायक्रो तुला येतंच आहे, आता ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोइन्फॉर्मेटिक्सला घाबरणं सोड. ज्या मुलांनी केमिस्ट्री आवडत नाही म्हणून मायक्रो घेतलं त्यांनी ह्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्या महिन्यात करायचं ते म्हणजे कल्चर मरू देऊ नकोस, ग्लिसरॉल स्टॉक करून डीप फ्रीझरमधे ठेव. झोन परत घेऊन बघ, तीन वेळा, शेजारी नुसत्या मीडियाचा (ज्यात बॅक्टेरिया वाढवतो ते खाद्य) कंट्रोल लावून. सरांना विचारून १६एस (बॅक्टेरिया ओळखायची डीएनए चाचणी) करून घे, पुण्यात एनसीएमआर ह्या सूक्ष्मजीव संग्रह केंद्रात फी भरून ओळख करून मिळते. आणि घरी फ्रिजमधे स्टॅफच्या प्लेटा ठेवू नकोस प्लीज, हसू नकोस, ठेवतात लोक.

अ‍ॅडमिशनसाठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम बायोटेक्नॉलॉजी ह्या दोन्ही प्रवेश परीक्षा दे, शिवाय विद्यापीठांच्या आपापल्या प्रवेश परीक्षा असतात त्या बघ. बऱ्याच ठिकाणी ५५ किंवा ६० टक्क्यांची अट असते, म्हणून ६३ च्या खाली यायचं नाही. एमएस्सी निवडताना कॉलेजच्या नावापेक्षा तिथे एचपीएलसी चालू आहे की प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलंय ते विचार. पुढे सीएसआयआर नेट किंवा डीबीटीची जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पीएचडीला पाच वर्षं धर, जास्तही लागतात.

पप्पांची भीती खोटी नाही, त्यांच्याशी भांडू नकोस. ह्या धंद्यात पैसा कमी आहे हे जगजाहीर आहे, कारण नवीन अँटिबायोटिक आलं तरी डॉक्टर ते राखून ठेवतात आणि कोर्स आठवड्या-दोन आठवड्यात संपतो, बीपीच्या गोळीसारखं आयुष्यभर कोणी घेत नाही. अमेरिकेतल्या अकेओजन कंपनीला २०१८ मधे प्लाझोमायसिन ह्या अँटिबायोटिकची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मधे कंपनीचं दिवाळं निघालं. ते औषधसुद्धा मूळचं मातीतल्या मायक्रोमोनोस्पोरा बॅक्टेरियाच्या रेणूवरूनच केलेलं. म्हणून 'मी अँटिबायोटिक शोधणार' एवढ्या एका वाक्यावर घर चालेल असं पप्पांना सांगू नकोस. त्यांना हे सांग की ह्याच कामात शिकलेलं फर्मेंटेशन, एचपीएलसी, स्टेरिलिटी टेस्टिंग, अँटिबायोटिकची ताकद मोजणं, जीनोम बघणं, हे फार्मा आणि लस कंपन्यांच्या क्यूसी (दर्जा तपासणी) आणि आरअँडडीमधे चालतं, पुणे, संभाजीनगर, हैदराबाद, अहमदाबाद सगळीकडे. सुरुवातीचा पगार फार नसतो, शिफ्ट असतात, आणि गाव सोडावं लागतं, तेही सांगून टाक. घरी बसलेल्या ज्या मुलींबद्दल ते बोलतात त्यातल्या कितीजणींना जिल्ह्याबाहेर जाऊ दिलं हेही हळूच विचार.

बीएडही वाईट नाही, शिकवायला आवडत असेल तर जरूर कर, पण पत्रात तू शिकवण्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, चार ओळी त्या झोनबद्दल लिहिल्यास. एमएस्सी आधी, आणि दोन प्रयत्नांत नेट नाही निघाली आणि इंडस्ट्रीतही जमलं नाही तर तेव्हा बीएड करता येतंच, असं पप्पांशी वर्ष ठरवून बोल. १६एसचा रिपोर्ट आला की कोण निघालं ते कळव, आणि ब्रॉथच्या एक्स्ट्रॅक्टने झोन येतोय का तेही, कारण प्लेटवर येतो आणि ब्रॉथमधे येत नाही असं खूप होतं, तसं झालं तर घाबरून कल्चर फेकू नकोस, मीडिया बदलून बघ.