रोजच्या सिटी ड्रायव्हिंगसाठी छोटी पेट्रोल कार घेताना नक्की काय बघायचं?

तुमचं रनिंग सगळं शहरातच आहे म्हणताय, मग टर्बोच्या (जास्तीची हवा ढकलून पॉवर वाढवणाऱ्या इंजिनच्या) मागे लागू नका, साधं १ ते १.२ लिटरचं नॉर्मल पेट्रोल इंजिन भरपूर झालं. पॉवरचा मोठा आकडा हाय आरपीएमला (इंजिन खूप वेगाने फिरताना) मिळतो आणि ट्रॅफिकमध्ये तुम्ही तिथपर्यंत जातच नाही, खरी गरज असते ती खालच्या आरपीएमला गाडीने न अडखळता ओढण्याची, म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नको, गर्दीच्या वेळी घ्या, सेकंड गियरमध्ये हळू चालवून बघा आणि एसी चालूच ठेवा, छोट्या इंजिनवर एसीचा लोड लगेच जाणवतो.

सिग्नल खूप असतील तर ऑटोमॅटिकच घ्या, पायाला खरंच आराम मिळतो. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गियर मशीन बदलतं) स्वस्त पडतो पण गियर बदलताना हलका झटका देतो, सीव्हीटी (ठरावीक गियर नसलेला ऑटोमॅटिक) स्मूद असतो पण महाग. टर्निंग रेडियस (गाडी पूर्ण वळवताना होणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) ५ मीटरच्या आत असेल तर पार्किंग, यू-टर्न एकदम सोपं.

आणि हो, कंपनीच्या मायलेजवर जाऊ नका, जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही त्यामुळे पेट्रोल जास्तच लागतं. एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी सिस्टीम) मात्र सोडू नका, त्यासाठी टचस्क्रीन छोटी मिळाली तरी चालेल.