चाड्यावर मूठ धरण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘यंदा पाऊस सरासरीपेक्षा जास्त सांगितलाय, सगळ्या रानात सोयाबीनच टाकतो’ हा तुझा निरोप मिळाला. जरा थांब. एप्रिलमध्ये हवामान खातं सांगतं तो आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर. त्यात कोकणही आलं आणि राजस्थानही. तुझ्या रानात कधी पडेल, हे त्यात कुठेच नसतं.

२०२३ आठव. हंगामाअखेर देशाचा हिशेब सरासरीच्या ९४ टक्क्यांवर होता, कागदावर फार बिघडलं नव्हतं. पण त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या सगळ्या ऑगस्टांत कोरडा ठरला. मराठवाड्यात ऐन फुला-शेंगांतलं सोयाबीन कित्येकांचं उभ्या उभ्या सुकलं. सप्टेंबरच्या पावसानं सरासरी सावरली, शेंग नाही भरली. म्हणून एका आकड्यावर जाऊ नकोस. मेअखेरच्या सुधारित अंदाजात आपल्या भागाचा नकाशा बघ, पुढे दर गुरुवारी येणारा काही आठवड्यांचा अंदाज बघत राहा. पावसातल्या खंडाची चाहूल लागली तर तिथे लागते.

तुझ्या वयाचा असताना मी मृगाच्या पहिल्याच सरीवर तिफण घालून पेरून टाकलं होतं. वरची दोन बोटं माती ओली, खाली फुफाटा. बी फुगलं, मोड आले, आणि मग पंधरा दिवस नुसते ढग पळत होते. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणलं. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

तेव्हापासून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मी चाड्यावर मूठ धरत नाही, म्हणजे पेरतच नाही. वीतभर खणायचं, खालची माती मुठीत दाबायची. लाडू वळला आणि टिचकीनं फुटला, की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. बोटांना चिकटत असेल तर आणखी एक दिवस थांबायचं.

अंदाज कामी येतो तो पिकांची वाटणी करायला. जास्त पावसाचा असला तरी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घाल. तिची मुळं खोल, खंड सोसते. पेरणी रुंद वरंबा-सरीवर कर, म्हणजे रुंद उंचवट्यावर पीक आणि बाजूला चर. जादा पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली की तीच सरी ओल धरते. मूग-उडीद जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर मनातही आणू नकोस.

बियाणं घरचंच आहे ना? ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेव. ७० पेक्षा कमी उगवले तर फोन कर, माझ्याकडे दोन पोती राखून ठेवलीत.